दादरच्या बाजारातला फणस

लालबाग, ३० जानेवारी २०२४

विनीत,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहायला नकोत. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी खोकल्यापायी मला चार वाक्यांच्या वर दम पुरत नाही. म्हणून पत्र. पत्ता सीमाने दिला. रे रोडला लाकडाच्या वखारीच्या माळ्यावर राहतोस म्हणे. तुझी आई गेली, मागोमाग तू घर सोडलंस, त्याला दोन वर्षं झाली. मुलाचा पत्ता मला मुलीकडून मागून घ्यावा लागला. असो.

तुझ्या अल्बममधलं गाणं ऐकलं. मीच काय, सगळ्या बिल्डिंगने ऐकला. २६ जानेवारीचा सत्यनारायण होता. आरती झाली, प्रसाद सुरू झाला, बायका हळदीकुंकवाला उभ्या होत्या आणि कमिटीच्या पोरांना हुक्की आली की आपल्या बिल्डिंगच्या पोराचं गाणं लावू या. सेक्रेटरी धुरीने माइकवर जाहीर केलं, "आता ऐकू या, आपल्या कुशाबाबुवांचे चिरंजीव विनीत यांचं गाणं, गावचो फणस." नाव ऐकून सगळ्यांना वाटलं, कोकणावर काहीतरी गोड असणार. आधी ऐकून बघावं असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

पहिल्या कडव्याला लोक टाळ्या धरत होते. चाल माझ्या भजनातल्या गजराचीच आहे, चाळीत ती लहान पोरांनासुद्धा येते. दुसऱ्या कडव्यात तुझा गाण्यातला बाप गिरणीचा संप चालू असताना ताडपत्री टाकलेल्या ट्रकमधून लपून कामावर जातो, चाळीत सांगतो की गावाला गेलो, आणि परत येताना दादरच्या बाजारात फणस विकत घेऊन गावचा म्हणून वाटतो. पोरं हसली. साठीच्या पुढची माणसं हसली नाहीत. मग तू ती शिवी दिलीस आणि धुरीने वायर उपटली. भटजी शिऱ्याचा द्रोण हातात घेऊन तसेच उभे राहिले.

आता गाण्याबद्दल. पखवाज मशीनचा आहे, तो पहिल्या मात्रेला कळतो. गजर हळूहळू चढवायचा असतो, तू सुरुवातीपासूनच पळत सुटलास, मग शेवटाला जायला जागाच उरत नाही. गिटार सहन होते. ड्रमवाल्याला कोणीतरी सांगा की पुढे भिंत नाही, माणूस गातोय. आवाज तुझा बरा लागलाय. शिवीबद्दल मी काही म्हणत नाही. पंचवीस वर्षं डबलबारी केली, समोरच्या बुवाच्या सात पिढ्यांची लाज भर मांडवात काढली. पण डबलबारीत समोर दुसरा बुवा बसलेला असतो. त्याची पाळी येते, आधी केलेल्या वाराचं उत्तर दिल्याशिवाय त्याला स्वतःचं गाता येत नाही, आणि उठताना दोघं एकमेकांच्या पाया पडतात. तू मला पाळीच दिली नाहीस. हे पत्र म्हणजे माझी पाळी समज.

आणि मजकूर खोटा आहे. ब्याऐंशी साली मे-जूनमध्ये मी गावाला होतो. रामदासकाकाला विचार. चाळीस वर्षं माझ्या डाव्या हाताला पखवाज घेऊन बसतोय. संपात शेवटपर्यंत राहिला, त्यापायी त्याला गिरणीत पुन्हा घेतलं नाही, उरलेला जन्म वॉचमनकी केली. तो माणूस कोणासाठी खोटं बोलणार नाही.

जेवण वेळेवर घेत जा.

बाबा


लालबाग, ६ फेब्रुवारी

विनीत,

पत्र पोचल्याचं सीमा म्हणाली. तुझं उत्तर नाही. ठीक आहे.

चाळीत मला कोणी काही बोलत नाही, आणि तेच जड जातंय. उलट जास्तच आपुलकीने विचारतात, "बुवा, बरे आहात ना?" मी बरा आहे म्हणतो आणि खोलीत येऊन बसतो. एवढ्याशा गॅलरीतून संडासापर्यंत जायचं तरी हल्ली अंगावर येतं.

रविवारी धुरी आला. सोबत मंडळाची दोन माणसं आणि टाइप केलेला कागद. त्याचं खरं दुखणं वेगळं आहे. तुझ्या तिसऱ्या गाण्यात गणपतीपेक्षा मोठे फोटो छापून घेणाऱ्यांची तू जी हजेरी घेतली आहेस ती त्याला झोंबली. पण तसं लिहिलं तर लोक हसतील, म्हणून कागदावर असं आहे, की विनीत कुशाबा याने देवाच्या भजनाची चाल चोरून तिच्यावर घाणेरडे शब्द चढवले आणि चाल बांधणाऱ्या वृद्ध बुवांची, म्हणजे माझी, खोटी बदनामी केली. खाली माझ्या सहीसाठी जागा सोडली आहे.

धुरी म्हणाला, "बुवा, आमचं नाव असलं तर पोलीस बोलतील पॉलिटिक्स आहे. बापाची सही असली की केस स्ट्राँग. अठरा तारखेला परळच्या ग्राउंडवर त्याचा शो आहे, त्याची परमिशन पहिली कॅन्सल होणार. मग त्याला म्हणावं बस, भोईवाडा कोर्टाच्या तारखा घे, दहा वर्षं. गाणं तर नेटवरनं काढूनच टाकायला लावतो."

मी म्हटलं, माझाच मुलगा आहे रे. तर म्हणतो, "म्हणून तर. सही नाही केलीत तर लोक काय समजणार? गाणं खरं आहे असंच ना?"

त्याचं हे बोलणं मला लागलं, कारण ते बरोबर आहे. सही केली की तू खोटा. नाही केली की मी.

रामदास तिथेच बसला होता. तो इतका चिडलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मला म्हणाला, "कुशाबा, सही कर. मी साक्षीदार म्हणान सही करतंय. तू गावाक गेलेलंस तां माका म्हायत नाय? माझ्या आवशीचो निरोप कोणी आणलो?" धुरीने त्याच्या आईच्या निरोपाचं ते लगेच लिहून घेतलं. साक्षीदार मिळाला म्हणून तो खूश झाला.

मी आठ दिवसांची मुदत मागितली आहे. तोवर तू ते एक गाणं काढून टाक आणि फोन करून धुरीला दोन गोड शब्द बोल. बाकीची सहा गाणी गा, टॉवरवर गा, फोटोवाल्यांवर गा, मला काय त्याचं. मला सही करायची नाही. पण तू मला काही वाटच ठेवली नाहीस तर काय करू ते सांग.

एक विचारायचं होतं. फणसाला गावच्यासारखी सुतळी बायकोने बांधली, गाठ मारताना तिचं नख तुटलं, असं तू लिहिलंयस. हे कुठून सुचलं? कल्पनेनेच सुचलं असणार. शेवटी हॉस्पिटलात तुझी आई गोळ्यांच्या गुंगीत बरंच काही बोलायची, आणि रात्रपाळीला तिच्याजवळ तूच असायचास. गुंगीतल्या माणसाच्या बोलण्यावर गाणी लिहू नयेत.

बाबा


लालबाग, ११ फेब्रुवारी

विनीत,

सीमाने तुझा मेसेज वाचून दाखवला. एकच ओळ. "बाबांना सांग, खोटं असेल तर सही करा." तिने ती तीनदा वाचली, जणू पुढे आणखी काही निघेल.

हे उत्तर बारीत दिलं असतंस तर मी हार्मोनियम बंद केली असती. असो, आता पाळी माझी आहे आणि उत्तर देतो.

आधी एक छोटी गोष्ट. पूजेला गाणं लावायची हुक्की पोरांना आली नव्हती. मी धुरीला सांगितलं होतं. सीमाने अल्बमचं चित्र दाखवलं, त्यावर तुझं पूर्ण नाव होतं, मधे माझं नाव घालून. दोन वर्षं तू बोलला नव्हतास, आणि अल्बमवर बापाचं नाव छापलंस. मला वाटलं, हाच निरोप. फुलबाजाराच्या कोपऱ्यावर तू गिटार घेऊन उभा असायचास तेव्हा मी पलीकडच्या फुटपाथने मान खाली घालून गेलोय, एकदा नाही, अनेकदा. त्याची भरपाई करावी म्हणून मी धुरीला म्हटलं, लाव, फणसाचं लाव, सगळ्यांना ऐकू दे. नाव ऐकूनही मला काही आठवलं नाही. इतकी वर्षं झाली की फणस म्हणजे मलाही गावचाच वाटायला लागला होता.

आता मोठी गोष्ट. मी गेलो होतो. संपाला चार महिने झाले होते. ट्रक लालबागला नाही, भायखळ्याच्या पुढे यायचा, पहाटे. ताडपत्रीखाली आम्ही अठरा जण होतो, कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. पाच आठवडे गिरणीतच राहिलो, खात्यात कापडाच्या ताग्यांवर झोपलो. बाहेरच्या घोषणा आत ऐकू यायच्या आणि त्यात मी ओळखीचे आवाज हुडकायचो. जूनमध्ये सुटलो, दादरला फणस घेतले दोन, तुझ्या आईने चाळीच्या मागच्या बाजूला येऊन सुतळी बांधली आणि संध्याकाळी सगळ्यांच्या देखत खांद्यावर फणस घेऊन मी चाळीत आलो. गरे सगळ्या मजल्यांवर वाटले. पुष्कळांच्या घरात त्या दिवशी तेवढंच गोड असेल.

हे तुझ्या आईला माहीत होतं आणि आता तुला आहे. पण एक गोष्ट तिलाही माहीत नव्हती. मी ती कोणालाच सांगितलेली नाही, आणि लिहितानाही मधे दोनदा उठून पाणी प्यायलो.

मी गावाला निघालो म्हटल्यावर रामदास आदल्या दिवशी आला. त्याची म्हातारी आई एकटी राहायची, आमच्या वाडीपासून ओढा ओलांडला की तिचं घर. तिच्या छातीत दुखतं असं पत्र आलं होतं. रामदास गिरणीच्या गेटावरची संपाची ड्युटी सोडायला तयार नव्हता. त्याने एक हिरवं लुगडं दिलं आणि म्हणाला, तिला बघून ये, बरी नसली तर सांग, मी सगळं टाकून जातो. मी लुगडं घेतलं. काय करणार होतो? नाही कसं म्हणणार, गावाला तर निघालो होतो ना.

परत आलो तेव्हा हातात फणसाचा गरा घेऊन त्याने पहिला प्रश्न तोच विचारला. मी म्हटलं, म्हातारी ठणठणीत आहे. माझ्यासमोर वाडगाभर पेज जेवली. म्हणाली, पोराला सांग, माझी काळजी नको, घेतलेलं काम अर्ध्यावर सोडू नको. हे मी उभ्या उभ्या रचलं. गजर रचायला सुद्धा मला याहून वेळ लागतो.

ती आषाढात गेली. रामदास पोचला तेव्हा तेरावं उरकत आलं होतं. परत येऊन मला म्हणाला, निदान तू तिला शेवटचं बघितलंस. गावात कोणालाही विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं की कुशाबा या उन्हाळ्यात आलाच नव्हता. त्याने विचारलं नाही, कारण विचारावं असं त्याला वाटलंच नाही. लुगडं खात्यात कोपऱ्यात ठेवलं होतं, तिथेच राहिलं.

त्यानंतर चाळीस वर्षं तो माझ्या शेजारी बसून वाजवतोय. कधी जास्त झाली की सुनेला, नातवाला सांगतो, माझ्या आईचे शेवटचे शब्द काय होते माहीत आहे का.

आता तो ते पोलिसांपुढे सांगणार आहे. मंगळवारी अकरा वाजता बोलावलंय. सही माझी असेल, पण खोटं त्याच्या तोंडून वदवलं जाईल, त्याला न कळता. थकलो रे मी. सही करून टाकावी, तू चार वर्षं कोर्टात घाल, मी तोवर मरेन आणि रामदासकडे त्याची आई राहील, असं खरंच मनात येतं. ते तुला कळावं म्हणून लिहिलं.

बाबा


लालबाग, १५ फेब्रुवारी

विनीत,

सोमवारी मी रामदासला त्याच्या घरीच सांगणार होतो. संध्याकाळी दोनदा त्याच्या दारात गेलो. दोन्ही वेळा त्याच्या सुनेने चहा दिला आणि दोन्ही वेळा मी चहा पिऊन परत आलो.

मंगळवारी तो इस्त्रीचा सदरा घालून आला. मला धाप लागते म्हणून वाटेत दोन ठिकाणी थांबला. पोलीस स्टेशनात एक तरुण मॅडम होत्या. धुरीने कागद पुढे केला, त्यांनी तो वाचला, गाण्याचे शब्द वाचताना ओठ दाबून हसल्या असं मला वाटलं. मग म्हणाल्या, "आधी साक्षीदाराचा जबाब घेऊ."

रामदास ताठ बसून बोलला. जबाब द्यायचा म्हणून शुद्ध बोलायचा प्रयत्न करत होता. "मे महिन्यात हा गावी गेला. माझ्या आईला भेटला. तिने ह्याच्यासमोर पेज खाल्ली."

मॅडम टाइप करत होत्या. त्यांनी विचारलं, "काका, हे तुम्ही स्वतः पाहिलं का?"

"नाही. ह्याने सांगितलं ना." त्याला त्या प्रश्नाचा अर्थच लागला नाही.

प्रिंट आली. त्याने चष्मा लावला, सगळं वाचलं, सदऱ्याच्या खिशातलं स्वतःचं पेन काढलं. तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, ह्याला सही करू देऊ नका. गाणं खरं आहे."

धुरी पटकन म्हणाला, "बुवांना बरं नाहीये. ए, पाणी आण रे." मी म्हटलं, मला बरं आहे. मग सांगितलं. ट्रक सांगितला, फणस सांगितले. ते सगळं मॅडमकडे बघून सांगितलं, ते सोपं होतं. लुगड्याचं सांगताना रामदासकडे वळलो. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, बारीत मी पुढे काय घेणार याचा अंदाज घेताना बघतो तसा.

माझं संपल्यावर त्याने विचारलं, "मगे आवशीन पेज खाल्ल्यान म्हणान सांगलंस, तां?"

मी म्हटलं, "नाय रे."

"आणि ती बोल्ली तां?"

"तां पण नाय. माका काय एक म्हायत नाय तिचा."

संपाचं त्याने विचारलंच नाही. ज्या गिरणीपायी त्याचा जन्म वॉचमनकीत गेला तिच्याबद्दल एक शब्द नाही. पेनाला टोपण लावलं, खिशात ठेवलं, मॅडमना नमस्कार केला आणि निघून गेला. मॅडमनी मला विचारलं, "मग तक्रार द्यायची आहे का?" मी नाही म्हटलं. धुरी बाहेर आल्यावर मला जे बोलला ते तुझ्या गाण्यातल्या शिवीपेक्षा वाईट होतं, पण त्याला चाल नव्हती.

माझ्या सहीवाचून त्या कागदात दम नाही. तुझी परमिशन कायम आहे, सीमाने चौकशी केली. चाळीत आता कोणी मला बरे आहात ना म्हणून विचारत नाही. आज गुरुवार, आमच्या भजनाचा वार. सतरंजी घातली. कोणी आलं नाही. आठ वाजता गुंडाळून ठेवली.

काल सीमाने मला गाणं पुरतं ऐकवलं. पूजेला वायर उपटली त्याच्या पुढचं मी ऐकलंच नव्हतं. शिवीनंतर आणखी एक कडवं आहे हे मला माहीत नव्हतं. त्यात तू म्हणतोस, पोटासाठी गेला, लेकीच्या दुधासाठी गेला, जा बापा, तुला माफ केलं, साऱ्या गिरणगावानं माफ केलं. तिथे लय उतरवली आहेस, आणि मशीन बंद करून नुसत्या आवाजावर म्हटलंयस. सीमा रडली. मीही रडलो, खोटं कशाला सांगू. एवढं चांगलं मला कधी बांधता आलं नाही.

विनीत, रविवारी गाणं म्हण. सगळं म्हण. शिवी ठेव, फणस ठेव, माझं नाव घ्यायचं तर घे. ते शेवटचं कडवं तेवढं म्हणू नकोस. सीमाचं दूध शेजारून यायचं, राधाबाई घालायच्या, ती उपाशी नव्हती. जे आधी येतील त्यांना जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, करू असं साहेबांनी सांगितलं होतं, म्हणून मी गेलो. केलं नाही कोणालाच. आणि माफी ही तुझ्याकडची वस्तू नाही, गिरणगावाकडचीही नाही. ती एका माणसाकडे आहे, आणि त्याने दिलेली नाही.

आज सकाळी गॅलरीत आम्ही समोरासमोर आलो. गॅलरी अरुंद, एकाने अंग चोरल्याशिवाय दुसऱ्याला जाता येत नाही. त्याने अंग चोरलं, मला वाट दिली, आणि मी पुढे जाईपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

गाणं तिथे संपव.

बाबा